फसफसलेली बरणी

"उस्मानचाचा, ह्यो वास सरबताचा नाय हां!" सोबत राबणाऱ्या कासमने झाकण घाईने लावलं. "खरं सांगा, काय घातलंत ह्यात?"

"साखर. आनि काय? घरी कोकमं घालतो तशीच. साखर भरायची, उन्हात ठेवायची."

ओमानातल्या खाबुऱ्याच्या त्या शेतावर क्रॅनबेरी नवीच होती. अर्बाबने, म्हणजे शेताच्या अरब मालकाने, गारव्याचं काचघर बांधलं, परदेशातून आंबट माती आणवली आणि रोपं रत्नागिरीच्या उस्मानवर सोपवली. दोन वर्षं त्याने उन्हाच्या झळेला आत पाऊल टाकू दिलं नाही. यंदा पहिली फळं धरली. निवडक अर्बाबने मस्कतला नेली. मऊ पडलेली उस्मानने बरणीत भरली. अर्बाबला सरबत पाजून चकित करायचं, एवढाच बेत. पण साखर कोकमाच्या अंदाजाने पडली, ती या रसाळ फळाला पुरली नाही. आठ दिवसांत बरणी फसफसली.

उस्मानने झाकण काढून हुंगलं. आंबूस, गोड, वर फुलाची झुळूक. वास इतका मोहक, की त्याने पुन्हा हुंगलं, आणि मग स्वतःचीच भीती वाटली. दारू! पाच वक्त नमाज पढणाऱ्याच्या खोलीत!

"ओतून टाका. मी कुनाला सांगत नाय."

"सांगशील असं म्हटलं का मी?"

"तुमी बघताव तसं."

तेवढ्यात दारात अर्बाब. कासमने फोन केला असेल? की वासच बांधापर्यंत गेला? उस्मानने वळून पाहिलं. कासमची नजर जमिनीवर होती.

"कितने दिन से बनाता है?"

"शरबत था, अर्बाब. आपके लिए."

"मेरे लिए?" अर्बाब हसला. "और बेचता किसको है?"

"अल्ला कसम…"

"उसको बीच में मत ला. खलास."

बावीस वर्षांची चाकरी म्हणून पोलीस येणार नव्हते. काचघराची चावी मात्र अर्बाबने मागून घेतली आणि कासमच्या हातावर ठेवली.

अर्बाबची गाडी गेल्यावर कासम पुटपुटला, "चाचा, फोन मी नाय केला."

"दुपारचा पंखा बंद करू नको," उस्मान म्हणाला. "मुळं तापतात."

शुक्रवारी मशिदीत उस्मान नमाजाच्या ओळीच्या टोकाला उभा राहिला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. खांद्याला खांदा लागायचा, तिथे शेजाऱ्याने वीतभर अंतर सोडलं. उस्मान सरकला. शेजारीही सरकला. मग उस्मान होता तिथेच थांबला, आणि त्याने नमाजाला हात बांधले.