गुरुबसप्पांना उठवायचं कसं

सिद्धलिंगप्पा आडत्याला आयुष्यात एकच खुर्ची हवी होती, बाजार समितीच्या सभापतीची. तिच्यावर गुरुबसप्पा बसले होते आणि त्यांना बसवलं होतं खुद्द सिद्धलिंगप्पानंच.

झालं असं की एकाहत्तर साली समितीत सिद्धलिंगप्पाच्या आणि समोरच्या गटाची मतं सारखी पडली. मग मैंदर्गीचा हा सरकीवाला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला, वर्षभरापुरता बसवायचं सिद्धलिंगप्पानंच सुचवलं. वर्षानंतर खुर्ची सिद्धलिंगप्पाला द्यायची, असा गुरुबसप्पांनी सिद्धरामेश्वराच्या देवळात बेलभंडारा उचलला.

वर्ष सरलं. सिद्धलिंगप्पा भेटायला गेला.

"सोडतो की," गुरुबसप्पा म्हणाले. "शपथ हाय. पन मी जाऊ कुटं? परत सरकी विकाय बसलो तर लोक म्हनतील, सिद्धलिंगानं हाकललं. तुजंच नाव खराब हुतंय."

सिद्धलिंगप्पाला ते पटलं. आपल्याकडं बसलेल्या माणसाला कुणी ऊठ म्हणत नाही. त्याला याहून उंच खुर्ची दाखवतात आणि तो उठेपर्यंत हात जोडून उभे राहतात. विधानसभा तोंडावर होती. सिद्धलिंगप्पानं तिकीट आणलं, जीप आणली, गावोगाव कानडीत घसा फोडला. गुरुबसप्पांनी फक्त नमस्कार केले. आमदार झाले.

"तालुक्यात खुर्ची न्हाई तो आमदार म्हंजे पाव्हना," ते म्हणाले. "मंत्री झालो की सोडतो." पुन्हा बेल उचलला गेला. पुजारी आता पानं आधीच धुऊन ठेवी.

पुढं दुष्काळ पडला. गुरुबसप्पा विधानसभेत एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून मुंबईची वर्तमानपत्रं त्यांना 'अभ्यासू' म्हणू लागली. सिद्धलिंगप्पा ती कात्रणं घेऊन मुंबईला खेटे घालू लागला.

"सोतासाटी एवडं पळला असता तर आज तुमीच मंत्री असता की," बायको महानंदा म्हणाली.

"मला मंत्री व्हायाचं न्हाई. मला बाजार समिती पायजे."

"लई कमी मागितलं. म्हनून कुनी दीना."

अखेर गुरुबसप्पा सहकार खात्याचे उपमंत्री झाले. दिल्या शब्दाला जागून त्याच दिवशी त्यांनी सभापतिपद सोडलं. दोन दिवसांनी सिद्धलिंगप्पा रेशमी पटका बांधून, पेढे घेऊन समितीत पोचला. खुर्चीवर चष्मा लावलेला एक सरकारी तरुण बसला होता.

"समिती बरखास्त झाली आहे," तो अदबीनं म्हणाला. "मी प्रशासक."

"कुनाच्या हुकमानं?"

तरुणानं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं उपमंत्र्यांचा फोटो कालच लागला होता.

सिद्धलिंगप्पा तसाच, गुरुबसप्पा उतरले होते त्या सरकारी विश्रामगृहावर गेला. "अण्णा, ही काय तऱ्हा?"

"आरं, समितीची मुदत कवाच सरली हुती," गुरुबसप्पा मायेनं म्हणाले. "तुज्याच गडबडीत निवडणूक ऱ्हायली. मंत्री झाल्या झाल्या पयली फाइल हीच आली. आपल्याच गावची म्हनून सोडली, तर लोक काय म्हनतील?"

"मग मला नेमा की."

"मी मंत्री असताना माज्याच मानसाला? बरं दिसतंय का ते? मी हितनं हललो की तू आन् तुजी खुर्ची."

सिद्धलिंगप्पा बराच वेळ तिथंच उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं पटका सोडला. "महानंदे, चार धोतरं भर पेटीत. दिल्लीला जायाचं हाय."

"आता काय काडलंय दिल्लीत?"

"खासदार केल्याबिगर हा मानूस हलत न्हाई."

महानंदानं पेटी ओढली. "जावा. पन घोंगडं घ्या बरोबर," ती म्हणाली. "तितं थंडी लई असती म्हनं. आन् एका खेपंत काम हुईल असं मला तरी वाटत न्हाई."