मस्कतला पोचणारी मॅच

आकारामला फुटबॉल खेळता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातनंच झाला. शिवाजी पेठेत त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. चिंचेखालच्या तालमीच्या फुटबॉल संघात तो लहानपणापासून असायचा खरा, पण बाहेर गेलेला बॉल आणायला आणि पोरांच्या चपला राखायला. मैदानात त्याचा पाय कधी पडला नाही. पण मॅच सांगावी तर आकारामनंच! काल स्टेडियमवर स्वतः मॅच बघून आलेली माणसंसुद्धा आज दुकानात येऊन म्हणायची, "सांग की गा एकदा, दुसरा गोल कसा झाला?"

या सांगण्याचं सगळ्यात जास्त वेड होतं केरबाला. केरबा कांबळे बारा वर्षं तालमीचा गोली होता आणि पहिलीपासून आकारामचा दोस्त. मॅच संपली, की अंगावरचा चिखल तसाच ठेवून दुकानात यायचा आणि आपणच अडवलेले बॉल आकारामच्या तोंडून ऐकायचा. २००४ साली तो मस्कतला गेला, तिथल्या बंदरात क्रेन चालवायला. जाताना म्हणाला, "दोन गोष्टी बघ. पोराकडं आणि मॅचकडं." पोरगा म्हणजे प्रसेनजीत, तेव्हा सोळा वर्षांचा. बापासारखाच गोलात उभा राहणारा. त्याला केरबानं निघायच्या आदल्या दिवसापर्यंत उजवीकडं झेप टाकायला शिकवलं होतं. "उजवी बाजू झाली. डावी रजेला आलो की घेतो," असं म्हणून गडी विमानात बसला.

केरबा गेला आणि आकारामच्या संध्याकाळी ओस पडल्या. बायको म्हणायची, "मित्र गेलाय का घरचं कोण?"

मग मोबाईलवर इंटरनेट आलं आणि दिवस पालटले. २००६ च्या हंगामापासून आकाराम स्टेडियमच्या पायरीवर बसून इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायला लागला. केरबा क्रेनच्या केबिनमध्ये बसून ते वाचायचा. दोन पेट्या उचलायच्या, एक मेसेज वाचायचा. मस्कतच्या बंदरात त्या काळात काही आपटलं नाही, ही नशिबाचीच गोष्ट म्हणायची.

ही बातमी पेठेतल्या बाकीच्या परदेशवाल्यांना लागली. न्यू जर्सीतला सयाजी म्हणाला, मलाही सांग. चीनमधनं मशीनचे पार्ट आणून विकणारा श्रीशैल म्हणाला, मलाही. सांगायला आकाराम कधी नाही म्हणेल होय? पण अडचण अशी, की प्रत्येक देशाचं मेसेंजर वेगळं. सयाजी याहूवर. "अमेरिकेत दुसरं कोण इचारत बी न्हाय," असं त्याचं म्हणणं. केरबा एमएसएनवर, कारण त्याच्या कॅम्पातले फिलिपिनो आणि मल्याळी सगळे त्याच्यावर. आणि श्रीशैल त्या चिनी क्यूक्यूवर, ज्याच्यावर पेंग्विनचं चित्र असतं. "हितं भाजीवाली बी पेंग्विनवर असतीया," तो म्हणायचा, "तुमचं याहू-बिहू हितं कुणाला ठावं न्हाय." प्रत्येकजण आकारामला सांगायचा, दुसऱ्यांना माझ्याकडं आण. एकही हलला नाही. पेठेतली माणसं ती, एकदा धरलेली तालीम मरेपर्यंत सोडत नाहीत. मेसेंजरची तरी कशी सोडतील?

तेव्हा आकारामनं तिन्ही घेतली. त्याच्या मोबाईलवर एका वेळी एकच चालायचं. म्हणजे गोल झाला, की आधी एमएसएन उघडून मस्कतला कळवायचं, ते बंद करून याहू उघडायचं, ते बंद करून पेंग्विन. चीनला गोल नेहमी पाच मिनिटं उशिरा व्हायचा. श्रीशैल चिडायचा, पण करतो काय?

आणि प्रत्येकाला सांगायची तऱ्हाही निराळी. सयाजीला पंचाच्या नावानं चार शिव्या घातल्याशिवाय मॅच गोड लागत नसे. श्रीशैलला नुसता स्कोअर पुरायचा. केरबाला मात्र फक्त गोलीबद्दल ऐकायचं असायचं. गोली पुढं कधी आला, मागं कधी सरला, हात कुठं होते. इथवर सगळं सरळ होतं. एकच मॅच तीन माणसांना तीन तऱ्हेनं सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

खोटं सुरू झालं २००७ च्या फेब्रुवारीत. एका मॅचला प्रसेनजीतला तीन गोल बसले, तिन्ही डावीकडनं. प्रेक्षकांनी नाही नाही ते ऐकवलं. पुढच्या मॅचला कोचनं सोमेश नावाच्या नव्या पोराला उभं केलं. प्रसेनजीतनं बूट पिशवीत घातले, आकारामच्या दुकानात आला आणि म्हणाला, "काका, आजच्या दिवस बाबांना सांगू नका. मी सवडीनं सांगतो."

आजच्या दिवस! एवढंच. आकारामनं ऐकलं. सोमेशनं चार बॉल अडवले आणि आकारामनं ते चारही प्रसेनजीतच्या नावानं मस्कतला धाडले. सोमेश उजवीकडं उडालेला त्याला दिसला, पण सगळं उजवीकडंच कसं लिहायचं? ऐकणाऱ्याला कंटाळा येईल. म्हणून एक झेप त्यानं पदरची टाकली. "डावीकडं आडवा झाला बघ केरबा, बोटाच्या टोकानं काढला!" मस्कतहून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "झ्याक."

त्या एका शब्दावर आकाराम खुळा झाला. पुढच्या मॅचला पोरगं सांगेल, त्याच्या पुढच्याला सांगेल, असं करत हंगाम सरला. पोरानं सांगितलं नाही आणि यानं थांबवलं नाही. प्रसेनजीत उद्यमनगरात लेथवर कामाला लागला, आणि मस्कतमध्ये तालमीचा गोली म्हणून दिवसेंदिवस गाजत राहिला. सयाजीला आकाराम सोमेशचं नाव लिहायचा, श्रीशैलला सोमेशचं, केरबाला प्रसेनजीतचं. उघडं पडायची भीती नव्हती. याहूवाल्याला एमएसएनमधलं दिसत नव्हतं. शिवाय केरबा आणि सयाजी एकमेकांशी बोलतच नव्हते. नव्व्याण्णवच्या सेमीफायनलला सयाजीनं आपल्याच गोलीकडं, म्हणजे केरबाकडं, बॉल मागं दिला आणि तो सरळ जाळ्यात गेला. सयाजी म्हणाला, गोली झोपला होता. केरबा म्हणाला, पास घाणेरडा होता. त्यावरनं दहा वर्षं अबोला. २००८ च्या पावसाळ्यात केरबाची रजा होती. पण "कंपनीनं सोडलं न्हाय," असं त्यानं कळवलं आणि तेही निभावलं.

मग मे २००९ उजाडला. तालीम सात वर्षांनी फायनलला आली, आणि श्रीशैलच्या डोक्यात किडा वळवळला. व्यापारी माणूस, उशिरा आलेला माल त्याला चालायचा नाही, मग उशिरा आलेला गोल कसा चालेल? त्यानं कुठनं तरी नवीन सॉफ्टवेअर शोधलं. त्यात म्हणे एक खोली असायची. कुठल्याही देशातला कोणीही त्यात बसावा, एकानं लिहिलेलं सगळ्यांना त्याच क्षणी दिसावं. अमेरिका नको, चीन नको, मस्कत नको, सगळ्यांची एकच खोली. त्यानं सयाजीला घेतलं. केरबालाही घेतलं, आणि नवल म्हणजे दोघंही आले.

"माझ्या मोबाईलवर चालायचं न्हाय ते," आकारामनं टाळलं.

"चालतंय की! लिंक धाडलीया. दाब आणि बस," श्रीशैलचं उत्तर.

आकारामनं दाबलं. चाललं. कपाळ माझं, असं म्हणून तो बसला.

सयाजी आणि श्रीशैलला काय उत्तर द्यायचं याची त्याला काळजी नव्हती. त्याला भीती केरबाची होती. चाळीस वर्षांत आकारामनं एकच मित्र जोडला होता, आणि त्या मित्राला तो दोन वर्षं फसवत होता. हे कळल्यावर केरबा काय बोलेल यापेक्षा तो बोलायचाच बंद होईल, ही धास्ती मोठी होती. केरबाला अबोला धरायची सवय होती, हे सयाजीला विचारावं.

फायनलच्या आदल्या दिवशी तो उद्यमनगरात गेला. प्रसेनजीत लेथवर होता. हात तेलकट, चेहरा शांत.

"तुझ्या बाला तू सांग बाबा," आकाराम म्हणाला. "उद्या माझं हसं हुणार."

पोरानं मशीन बंद केलं. "काका, मी तुम्हाला एका दिवसाचं सांगितलंतं. मी सोडलं त्याच दिवशी सोडलं. दोन वर्षं मला खेळवताय ते तुम्ही. आता बाहेर बी तुम्हीच काढा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आकाराम आला तसा परत फिरला.

फायनलला स्टेडियम गच्च भरलं होतं. आकाराम नेहमीच्या पायरीवर बसला आणि खोली उघडली. तिघंही आत हजर. शिट्टी वाजायच्या आधीच सयाजीनं लिहिलं, "सोमेशचा खांदा बरा हाय का? सेमीफायनलला दुखावलावता म्हणालास."

झालं! आता ते वाक्य मस्कतच्या क्रेनमध्येही पोचलं होतं. आकारामच्या मनात आलं, फोन बंद करावा आणि बॅटरी संपली म्हणून सांगावं. बोट लाल बटणावर गेलंही. मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं ते काढलं आणि लिहिलं, "केरबा, गोलात सोमेश हाय. प्रसेनजीत दोन वर्षं झाली खेळत न्हाय. मी तुला खोटं लिवत हुतो. पोराचा काय दोष न्हाय."

खोलीत कोणी बोलेना. केरबाच्या नावापुढचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे तो होता तिथंच. पण अक्षर नाही.

मॅच सुरू झाली. आकाराम लिहीत राहिला, कारण दुसरं काय करणार? हाफटाईम झाला, स्कोअर कोरा. दुसरा हाफ झाला, तोही कोरा. एरवी त्यानं या मॅचचं सोनं केलं असतं, आज नुसतं दिसलं तेवढंच लिहिलं. सयाजी आणि श्रीशैल हळूहळू बोलायला लागले. केरबा नाही. आकारामचा जीव मॅचमध्ये नव्हताच. दर दोन मिनिटांनी त्या हिरव्या दिव्याकडं बघत होता.

टायब्रेकर आला. चार-चार बरोबरी, तालमीचा पाचवा गोल झाला, आणि समोरच्या संघाचा शेवटचा गडी बॉल ठेवून मागं सरला. मारला. सोमेश डावीकडं उडाला आणि त्याच्या बोटांना लागून बॉल खांबाबाहेर गेला. अख्खं स्टेडियम उठलं. नुसता गुलाल! आकारामनं लिहिलं, "अडवला! सोमेशनं डावीकडं उडून अडवला! जिंकलो!"

"नाद खुळा!" न्यू जर्सीतनं आलं. चीननं पेंग्विन नाचवले. पहिल्यांदाच चीनला मॅच वेळेवर पोचली होती.

आणि मग केरबा बोलला. "डावीकडं?"

"व्हय. डावीकडं."

"नक्की बघितलास? का आपलं पदरचं?"

"आईशप्पत केरबा. डावीकडं."

मग एकामागं एक ओळी यायला लागल्या.

"प्रसेनजीतला डावीकडं पडाय येत न्हाय. उजवी शिकवून मी आलो, डावी ऱ्हायली. पयल्यांदा तू त्याला डावीकडं झोपवलास तवाच मला कळलंतं, पोरगं मैदानात न्हाय."

आकारामनं लिहिलं, "मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू लिवायचा बंद झाला असतास."

"आणि रजा? कंपनीनं सोडलं न्हाय म्हणालास?"

"कंपनी सोडत हुती. मीच आलो न्हाय. आल्यावर डावी शिकवाय लागली असती."

आकारामला याचा अर्थ लागेना. शिकवायचं तर होतंच की, त्यात पळून जाण्यासारखं काय? तो विचारणार, तेवढ्यात न्यू जर्सीतनं सयाजीची ओळ आली. दहा वर्षांत त्यानं केरबाला उद्देशून लिहिलेली ती पहिली ओळ.

"केरबा, नव्व्याण्णवला माझा बॉल तुझ्या कुठल्या बाजूनं गेलता?"

स्टेडियमवर पोरं सोमेशला खांद्यावर घेऊन नाचत होती. आकारामला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ धरला होता.

"डाव्या," केरबानं लिहिलं. "पास चांगला हुता सयाजी. मलाच डावीकडं कवा पडाय आलं न्हाय. पोराला काय शिकवू?"

आकारामनं दोन वेळा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा खोडलं. मग त्यानं मान वर केली. खाली गेटापाशी, गर्दीच्या जरा बाहेर, लेथच्या कामाच्याच कपड्यांत प्रसेनजीत उभा होता. मॅच बघायला आला होता आणि आता निघाला होता.

"ए प्रसेनजीत!" आकारामनं सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल अशी हाक मारली. पोरगं वर आलं. आकारामनं मोबाईल त्याच्या हातात दिला.

प्रसेनजीतनं वरनं खालपर्यंत वाचलं. मग तेल लागलेला अंगठा पँटीला पुसून त्यानं एकेक अक्षर दाबत लिहिलं, "बाबा, मी हाय. रजेला या. दोघं मिळून सोमेशकडनं शिकूया."