गच्चीवरचा तास

विज्ञानाच्या बाईंना मुली पाठीमागे ग्रहबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. हिवाळा आला, की दर शनिवारी दिवेलागणीनंतर त्या नववीचा वर्ग शाळेच्या गच्चीवर नेत. पुस्तकं खाली ठेवायची, माना वर करायच्या, एवढाच नियम.

यंदा पहिल्याच शनिवारी बाईंना वर काही दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शेजारी मुली "अगं, केवढे तारे!" म्हणून चेकाळल्या होत्या आणि बाईंच्या डोक्यावर नुसता काळोख.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं."

"औषध?"

"नाही."

"ऑपरेशन केलं तर?"

डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

नवरा म्हणाला, "मग गच्ची बंद कर. पडलीस म्हणजे?" बाईंनी ऐकलं नाही. शाळेत तर त्यांनी ब्रही काढला नाही. "बाई, तो लालसर तारा कुठला?" असं कुणी विचारलं, की त्या म्हणत, "मी सांगणार नाही. त्याच्या आजूबाजूला काय आहे, ते तू मला सांग."

मुली निरखून बघायला लागल्या. आपापले नकाशे काढायला लागल्या. वर्गात एक महाभांडकुदळ मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. रोहिणीचा तारा लाल का, यासाठी तिने ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं पालथी घातली. मुख्याध्यापिकांनी बैठकीत बाईंचं कौतुक केलं. "उत्तर न देता कसं शिकवावं, ते यांच्याकडून शिका." टाळ्या पडल्या. बाईंना तोंड कुठे लपवावं कळेना.

मग एका शनिवारी त्या उत्साहाने म्हणाल्या, "आता पूर्वेला मृग बघा. मधले तीन तारे एका रांगेत. दिसले?"

मुलींची कुजबुज सुरू झाली.

"अगं, दिसले का?"

"बाई," वकील हळूच म्हणाली, "ढग आलेत. मघापासून."

बाईंनी उगाच चष्मा पुसला.

"तुम्हाला दिसत नाही?"

थाप मारता आली असती. "नाही," बाई म्हणाल्या.

"पण बरं होईल ना?"

"नाही गं."

मागे कुणीतरी मुसमुसायला लागलं. त्या मुलीला जवळ घ्यावं असं बाईंना फार वाटलं, पण ती नेमकी कुठे उभी आहे, तेच कळेना.

पुढच्या आठवड्यात बाईंनी हा तास गणिताच्या सरांकडे द्यायचं ठरवलं. मुलींनी ऐकलं नाही. दंडाला धरून, एकेक पायरी सांगत त्यांनी बाईंना वर नेलं. आकाश स्वच्छ होतं म्हणे.

"कृत्तिकांमध्ये सहाच तारे आहेत," एक म्हणाली.

"सात! नीट बघ," वकील म्हणाली. "बाई, तुम्हीच सांगा."

बाईंनी आठवून पाहिलं. इतकी वर्षं पाहिलेला तो झुबका. झुबका हा शब्द आठवला, पण तारे काही केल्या डोळ्यांसमोर येईनात.

"मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या.

क्षणभर मुली घुटमळल्या. मग पुन्हा हमरीतुमरीवर आल्या, आणि वाद घालत घालत, बाईंचा दंड सोडून, गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. बाई होत्या तिथेच उभ्या राहिल्या.