कशी भरली?

सरांचा वाळूला एकच प्रश्न असे: किती? किती वजन, किती उंची. 'कशी भरली' हा प्रश्न त्यांच्या मते स्वयंपाकघरातला होता.

आणि त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध त्या 'कशी'वरच उभा. तिचं म्हणणं असं, की वाळू तीच असो, तेवढीच असो, दाणे एकमेकांना कसे टेकलेत त्यावर तिची ताकद ठरते. काही दाण्यांच्या रांगा सगळा भार उचलतात, बाकीचे नुसते सोबतीला असतात. हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. कुठल्याही कचेरीत ते चहाच्या सुट्टीत कळलं असतं.

आज शेवटची चाचणी. एकाच तऱ्हेनं भरलेले वाळूचे दोन खांब सारखे वागले नाहीत तर प्रबंध गुंडाळायचा, असं सरांनी बजावलं होतं.

तिनं चाळणीतून वाळूचा पाऊस पाडला. दाणे इतके हलके उतरत, की खिडकीतला उजेडच खाली साचतोय असं वाटावं. एकेक दाणा आडवा होई, शेजाऱ्याला टेके आणि झोपी जाई. दोन्ही नळकांडी रेघेपर्यंत भरली. मग ती सरांना बोलवायला गेली. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून सोबत आलेल्या तिच्या सासूबाई स्टुलावर पेंगत राहिल्या.

सर आले. तिनं नळकांड्यांच्या आतल्या रबरी पिशव्यांतली हवा ओढून वाळू आवळली, नळकांडी काढली, आणि वाळूचे दोन खांब आपापल्या पायांवर उभे राहिले. यंत्र दाबू लागलं. पहिला मुकाट्यानं पेलत राहिला. दुसऱ्यानं निम्म्या भारालाच पोट पुढे काढलं, जेवण झालेल्या सासऱ्यांसारखं.

"वजन?" सर म्हणाले.

"तेच."

"उंची?"

"तीच."

"आणि उत्तरं दोन. संपलं मग."



"अगं," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "त्या दुसऱ्याला माझं कोपर लागलं होतं. सांडली सगळी कागदावर. पण दाणा न् दाणा परत भरला हो मी, चमच्यानं. रेघेच्या वर येत होती, म्हणून थापट्या मारून बसवली."

"आई! आणि हे आत्ता सांगताय?"

"कुणी विचारलं? तुमचं आपलं वजन-उंची, वजन-उंची. त्यात मी काही चूक केली का?"

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ते खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसले.

"मावशी," त्यांनी घसा साफ केला. "कशी भरलीत?"

"कशी म्हणजे? बरणीत साखर भरतात तशी."

"पुन्हा भराल?"

सासूबाईंनी चमचा घेतला. तान्ह्या बाळाला थोपटावं तसं नळकांडं थोपटत त्या भरत गेल्या. आत दाणे अंग चोरून, तिरके, एकमेकांच्या खांद्यावर रेलून बसत गेले. ऊन टेबलावरून हळूहळू सरकत होतं. सरांनी स्वतः वजन बघितलं, उंची बघितली. खांब उभा राहिला. यंत्र खाली आलं.

निम्म्या भाराला त्यानं, हुबेहूब मघासारखं, पोट पुढे काढलं.

"बसला की गं," सासूबाई खजील झाल्या.

"बसला, आई," सून डोळे पुसत म्हणाली. "छान बसला."