शिळेची साक्ष

रांग नगरभवनाच्या पायऱ्यांवरून निघाली होती. टपाल कचेरीला वळसा घालून ती थेट बसथांब्याला भिडली होती. थांब्यावर बससाठी उभ्या असलेल्या माणसांनाही आपण नक्की कशासाठी उभे आहोत याची खात्री राहिली नव्हती.

"शिळा रडते म्हणे!"

"म्हणे काय? माझ्या जावेनं डोळ्यांनी पाहिलं. टपाटपा पाणी!"

आत व्यासपीठावर, मखमलीने मढवलेल्या लाकडी ओट्यावर ती शिळा होती. काळीभोर, गुळगुळीत, ताटाएवढी. तिच्यावर तीन नख्यांच्या राक्षसी पंजाचा ठसा आणि त्या पंजाच्या बरोबर मधोमध माणसाचं पाऊल होतं. शेजारी उभे होते शिळाबाबा. पूर्वी ते कुठे काय करत होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गळा असा गोड, की ऐकणाऱ्याने खिसा आणि डोकं दोन्ही बाहेर ठेवून यावं.

"बघा, बघा!" बाबा सांगत होते. "शाळेत शिकवतात, प्राणी आधी आले आणि माणूस कोट्यवधी वर्षांनी. अरे, मग हे पाऊल कुणाचं? एकाच चिखलात, एकाच सकाळी दोघे चालले! ही आदिशिळा त्या सकाळची साक्षीदार आहे. तिच्यासमोर खोटं बोललात तर तिला रडू येतं. या, कुणीही या, खोटं बोलून बघा!"

परीक्षेची रीत ठरलेली होती. आधी सत्यवचन. हात जोडून, मान खाली घालून, सतरंजीच्या कडेवरून म्हणायचं, "माणूस निर्मात्याची कृती." शिळा कोरडी ठणठणीत. मग असत्यवचन. त्यासाठी मात्र अगदी शिळेवर ओणवं व्हायचं, कारण 'शिळा वयाने म्हातारी, तिला कमी ऐकू येतं.' पावलाजवळ तोंड नेऊन म्हणायचं, "हे आदिशिळे, माणूस कुणी घडवला नाही, तो हळूहळू, हळूहळू, घडत घडत जनावरापासून झाला." वाक्य संपता संपता पावलाच्या ठशात थेंब जमायचे. बायका तोंडाला पदर लावायच्या आणि बाबांचा चेला मखमली फडक्याने शिळेचे डोळे पुसायचा.

या रांगेत एक दहावीतली मुलगी उभी होती. घरीदारी तिला सगळे वकील म्हणत. अक्षर ओळखायच्या आधी ती 'का' म्हणायला शिकली होती, असं तिची आई सांगायची. पूर्वी कौतुकाने सांगायची, हल्ली वैतागून. वकील आली होती ती पुरावा गोळा करायला.

शाळेत जीवशास्त्राच्या बाईंनी वादविवाद ठेवला होता. विषय फळ्यावर एका ओळीत लिहिला: 'माणूस घडला की घडवला?' बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि वकिलीणबाईंच्या वाट्याला 'घडवला' आली.

"बाई, मला बदलून द्या ना."

"का? हरशील म्हणून?"

"मला ते पटत नाही म्हणून."

"मग तर तूच हवीस," बाई म्हणाल्या. "समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली, तरच आपली कळली म्हणायची. आणि एक लक्षात ठेव. आपला पुरावा दुसऱ्याने मोडायच्या आधी आपणच मोडून बघायचा."

हे झालं आणि चारदोन दिवसांतच शिळाबाबा शहरात अवतरले. मग वर्गातल्या वादविवादाला भलतेच पाय फुटले. पालक मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापक म्हणजे वाऱ्याची दिशा बघून बसणारे गृहस्थ. ते बाईंना म्हणाले, "तुम्हीच एकदा शिळेसमोर जा. एकदाचा काय तो निकाल लागेल."

बाई गेल्या. भरल्या सभागृहात, ओणव्या होऊन, त्यांनी ते वाक्य स्पष्ट आवाजात म्हटलं. शिळा रडली, आणि चांगली ओघळून रडली. बाबांनी नाटकीपणे विचारलं, "आता काय म्हणता, बाई?"

बाईंनी ते थेंब नीट निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "हे कशामुळे होतंय ते मला माहीत नाही. शोधावं लागेल."

बस्स! 'मला माहीत नाही' हे तीन शब्द सभागृहाने झेलले आणि टाळ्या पिटल्या. बाबांना विश्वाच्या पहिल्या सकाळपासून सगळं माहीत होतं आणि पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला एका दगडाचं उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी बाईंच्या शिकवणीला निम्मी मुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. बाईंना काढून टाका, अशा अर्जावर पालकांच्या सह्या झाल्या. त्यात वकीलच्या आईचीही सही होती.

"आई, तू बाईंच्या विरुद्ध सही केलीस?"

"डोळ्यांनी पाहिलं ते खोटं म्हणू का? त्या बाईने शिकवायचं आणि माझ्या मुलीने जनावराची औलाद व्हायचं!"

"आई, माकड आपला आजा नव्हे. फार तर लांबचा चुलतभाऊ. तेच तर बाई सांगतात."

"चुलतभाऊ म्हणे! तुझ्या वडिलांकडचे आहेत तेवढे पुरेत."

विनोद चांगला होता, पण घरात कुणी हसलं नाही.

तर वकील रांगेत उभी होती ती अशा मनःस्थितीत. दुपारची जेवणाची वेळ, गर्दी विरळ, बाबा आतल्या खोलीत विश्रांतीला. व्यासपीठावर एकटा चेला जांभया देत होता. तिची पाळी आली. सत्यवचन म्हणायला ती सतरंजीच्या कडेला थांबली नाही. भक्तीचा उमाळा आल्यासारखी सरळ पुढे झाली, गुडघ्यांवर बसली आणि पावलाजवळ तोंड नेऊन, सावकाश, श्वास सोडत सोडत म्हणाली, "हे आदिशिळे, माणूस हा निर्मात्याची कृती, हो, हो, हेच खरं, हेच खरं."

शिळेवर आधी धुकं धरलं, मग थेंब जमले.

"ए पोरी!" चेला ताडकन उठला. त्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि फडकं फिरवलं. "सत्यवचन लांबून म्हणायचं!"

"का?"

"का म्हणजे? शिळेला त्रास होतो."

"सत्याचा?"

चेल्याने तिला पायऱ्यांकडे ढकललं. पण तेवढ्यात तिच्या गालांना जे कळायचं ते कळलं होतं. शिळेतून गारवा येत होता, बर्फाच्या गाड्याचं झाकण उघडल्यावर येतो तसा. बाहेर पायरीवर बसून तिने तळहात तोंडासमोर धरला आणि असत्यवचन पुटपुटलं. हे, हळूहळू, घडत घडत. दर शब्दाला तळहातावर गरम वाफेचा फुत्कार! वाक्य रचणाऱ्याने 'ह' आणि 'घ' अगदी निवडून भरले होते. थंडगार दगड, त्यावर गरम ओला श्वास. आरशावर हा केलं की होतं ते. एवढंच.

तिला हसू आलं आणि लगेच विरलंही, कारण तिचे वडील बर्फाच्या कारखान्याची गाडी चालवत.

संध्याकाळी अण्णा जेवायला बसले, तेव्हा तिने ताट वाढता वाढता विचारलं, "अण्णा, नगरभवनात बर्फ कोण पोचवतं?"

अण्णांचा हात ताटातच थांबला. "मी."

"कशाला लागतो?"

"सरबताला, म्हणाले."

"सरबत कुणी प्यालं तिथे?"

"हे बघ," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "मी लाद्या पोचवतो. लाद्यांचं पुढे काय होतं ते मी विचारत नाही. आमचे मालक बाबांच्या पाया पडतात. तुला काय समजायचं ते समज, पण तोंड बंद ठेव."

"बाईंना काढताहेत, अण्णा."

अण्णा ताटावरून उठले. तिच्या आजवरच्या 'का'ला त्यांनी पहिल्यांदाच पाठ दाखवली.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तिच्याकडून वाक्य दोनदा म्हणवून घेतलं, आपला तळहात धरून पाहिला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

"मग आता मी 'घडला'च्या बाजूने बोलू ना?"

"अजिबात नाही. तुझ्या वाट्याला आलेली बाजू सोडायची नाही. जग कुणीतरी घडवलं असं शहाणी माणसंही मानतात. त्यावर वाद घालता येतो, तो घाल. फक्त खोटा साक्षीदार उभा करू नकोस."

वादविवाद आता वर्गात राहिलाच नव्हता. मुख्याध्यापकांनी तो नगरभवनात जाहीर केला होता. अध्यक्षस्थानी ते स्वतः आणि प्रमुख साक्षीदार आदिशिळा. बाईंना सर्वांसमक्ष निरोप द्यायचा हा बेत होता. सभागृह खच्चून भरलं. आई पुढच्या रांगेत बसली होती. अण्णा मागे, दाराला टेकून उभे होते.

'घडला'वाला मुलगा घाबरत घाबरत बोलला, हाडांविषयी, जीवाश्मांविषयी. हुर्यो झाली. मग वकील उठली.

"माझी बाजू अशी की माणूस घडवला गेला," तिने सुरुवात केली. टाळ्या पडल्या. "आणि ज्याने घडवला, त्याने माणसाला डोकं दिलं. ते वापरलं नाही तर त्याचाच अपमान होईल. म्हणून माझा साक्षीदार मी आधी तपासून घेते. बाबा, शिळा सत्य ओळखते ना?"

"निःसंशय, बाळ!"

"मग सत्य जवळून सांगितलं तरी ती रडणार नाही?"

बाबा तिच्या आणि शिळेच्या मध्ये आले. "सत्य… सत्य आदराने लांबूनच…"

"खोट्याला जवळ येऊ देता आणि सत्याला लांब उभं करता? हा कुठला न्याय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "जाऊ द्या तिला जवळ! शिळा खरी आहे, घाबरायचं काय?" ओरडणारा भक्तच होता. तोच बाबांना महागात पडला.

ती ओणवी झाली. सत्यवचन म्हटलं. शिळा रडली. मग तिने सतराचा पाढा सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. शिळा पाढ्यालाही रडली. मागच्या बाकांवर मुलं खिदळली. "गणित कच्चं दिसतंय म्हातारीचं!"

"ही शिळा थंड आहे," वकील म्हणाली. "गरम श्वास लागला की तिच्यावर पाणी धरतं. मग तुम्ही खरं बोला, खोटं बोला, नाहीतर शिव्या द्या. ओटा उघडा, खाली बर्फ असेल."

"पाखंड!" बाबा गरजले आणि मखमल सावरायला धावले. ओटा हलला. आत वितळत असलेलं पाणी फळ्यांच्या फटीतून बाहेर आलं आणि मुख्याध्यापकांच्या बुटांपर्यंत पोचलं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट आहे!" तो किंचाळला. "अहो, खारट! अश्रूच आहेत हे!"

आणि मग जे झालं ते वकील जन्मात विसरणार नव्हती. माणसं व्यासपीठाकडे झेपावली. रुमाल, ओढण्या, शर्टाच्या बाह्या, जे मिळेल ते त्या पाण्यात बुडवू लागली. त्यात तिची आई होती. गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, पदर भिजवत होती.

"आई, बर्फात मीठ टाकतात! जास्त थंड राहायला!" ती ओरडत राहिली. कुणी ऐकेना. तिने दाराकडे पाहिलं. अण्णा खाली बघत होते.

मग ते निघाले. गर्दीतून वाट काढत व्यासपीठावर आले, वाकले, आणि ओट्याची मागची फळी अशी उघडली की जणू घरच्या कपाटाचं दार. कशी उघडते हे त्यांना माहीत होतं. आत पत्र्याचा ट्रे होता, त्यात बर्फाचे तुकडे आणि मिठाचा चिखल.

"बर्फ मी आणतो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. "मिठाची पोतीही मीच आणली. सगळी."

बाबा आणि चेला त्याच संध्याकाळी शिळेसकट पसार झाले. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शहाणपण इतकं स्वस्त असतं तर काय हवं होतं! संस्थेने 'वातावरण बिघडवल्याबद्दल' बाईंची नोकरी काढून घेतली. अर्जावर सही केलेल्यांपैकी एकानेही सही मागे घेतली नाही. अण्णांच्या हातून गाडी गेली आणि ते कारखान्यात लाद्या ओढू लागले. आईने पदराचा तो भिजलेला तुकडा कापून कपाटात ठेवला. "बर्फ असेल बाई," ती म्हणाली, "पण सगळंच काही बर्फ नसेल."

बाई गेल्या त्या दिवशी बसथांब्यावर एकटी वकील होती. "बाई, वादविवाद कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"मतदान झालंच नाही गं," बाई म्हणाल्या. "बरंच झालं. हात वर करून पुरावा खरा-खोटा ठरत नाही."

बाईंच्या जागी नवे सर आले. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक उघडलं आणि सांगितलं, "उत्क्रांतीचा धडा वगळायचा. पानांवर काट मारा."

मुलांनी पट्ट्या काढल्या. वकील उभी राहिली.

"का, सर?"

"वरून सांगितलंय."

"वरून म्हणजे नक्की कुठून, सर?"

सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती पुस्तक घेऊन बाहेर गेली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून तो धडा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

वाचकहो, निर्माता आहे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच्या नावाने कुणी दगड रडवू लागला, तर मात्र दोन गोष्टी करा. जे वाक्य तुम्हाला लांबून म्हणायला सांगितलंय ते जवळ जाऊन म्हणून बघा. आणि भरल्या सभेत 'मला माहीत नाही, शोधावं लागेल' असं म्हणणारं माणूस भेटलं, तर त्याला हाकलून देऊ नका. तुमच्या मुलांना तेच माणूस काहीतरी शिकवू शकेल.