शेवग्याचं पथ्य

मांजरसुंब्याच्या माझ्या ढाब्यावर 'शेवगा हंडी : साठीत तिशीची ताकद' ही पाटी मी लावली ती केवळ शेजारच्या ढाब्यावर जळून. त्याची काजू करी जोरात आणि मी माश्या मारत बसलेला. शेवग्यानं माणसात नेमकं काय होतं, हे मला कुठं ठाऊक? माझ्या घरी आठवड्यातून दोनदा शेवगा असतो आणि आम्ही नवरा-बायको नऊ वाजता घोरायला लागतो.

पण पाटी चालली. ट्रकवाले बोटं चाटून हंडी खायला लागले. बायको हजार किलोमीटरवर असताना ह्यांना ही ताकद कशाला हवी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग लिंबागणेशचे शहादेवकाका आले. वय अडुसष्ट. तीन दिवस एकट्यानं हंडी खाल्ली आणि चौथ्या दिवशी भर दुपारी गल्ल्यासमोर उभे राहिले.

"काय बे सुग्रीवा, काईच फरक न्हाई! पाटी खोटी हाय तुजी. पुसून टाक."

गिऱ्हाइकं माना वळवून ऐकायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटी पुसली असती तर ढाबाच बसला असता. म्हणून तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

"काका, एकट्यानं खाऊन कसं लागू पडंल? जोडीनं खावं लागतं. एका ताटात, तोंड पूर्वेला करून. अन् गप बसायचं न्हाई, बोलत ऱ्हायचं. एकवीस दिस."

वाटलं, बला टळली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या मोटरसायकलवर मागे मनकर्णाकाकू! डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बाई पहिल्यांदा ढाब्यावर आली होती. माझ्याकडे पूर्वेला नेमकी मुतारी आहे, तरी दोघं तिकडे तोंड करून बसली. काका म्हणाले, "म्हैस पान्हवली का?" काकू म्हणाल्या, "व्हय." मग एवढं पुरे का म्हणून दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पुरे नाही.

पाचव्या दिवशी बोलण्याची गाडी म्हशीवरून काकूंच्या माहेरावर आली. दहाव्या दिवशी काकू इतक्या हसल्या की ठसका लागला. शेंगेचे गर असलेले तुकडे काका गुपचूप त्यांच्या बाजूला सरकवायचे.

तोवर पथ्याची बातमी फुटली होती. पंधराव्या दिवशी सात जोडपी मुतारीकडे तोंड करून जेवत होती. शिरूर कासारचे एक गुरुजी होकायंत्र घेऊन आले आणि माझी पूर्व चुकली म्हणून भांडले. सगळी टेबलं जराशी सरकवावी लागली, तरी मुतारी समोरच राहिली. मुतारीत जायची ट्रकवाल्यांना लाज वाटायला लागली. एका ड्रायव्हरनं बायकोला व्हिडिओ कॉल लावला, फोन ताटाला टेकवला आणि विचारलं, "हे चालंल का?" मी म्हणालो, तिकडं तिचं तोंड पूर्वेला असेल तर चालेल.

एकविसाव्या दिवशी मी गल्ल्यावरून हललोच नाही. जेवण उरकून काका हात धुवायला गेले तशा काकू गल्ल्याशी आल्या.

"भाऊ, काईच फरक न्हाई."

"हळू बोला, काकू!"

"म्या तक्रार न्हाई करायले," पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या. "तुमी ह्यांना सांगा, अजून एकवीस दिस लागतेत. घरी हे तोंडातून शब्द काढत न्हाईत. हितं आले की बोलतेत."

मला एकदम भरून आलं, आणि माझ्या पाटीची लाजही वाटली.

काका हात पुसत आले. मी घसा खाकरला.

"काका, गुण यायला टाइम लागायलाय. अजून एकवीस दिस खावं लागंल."

आता हा माणूस पाटी उपटणार, म्हणून मी खुर्चीआड सरकलो. काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकवीसच?" ते म्हणाले.