उत्तमरावांचा पाहुणचार

पाहुणा 'नको' म्हणाला की ते खरं धरायचं नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त भाईंदर पूर्वेच्या उत्तमरावांना. आणि नेमके त्यांच्याच घरी, एकुलत्या एका लेकीचे, संचिताचे, होणारे सासू-सासरे साखरपुड्याची तारीख ठरवायला आले होते!

मनोरमाबाई आत वडे तळत होत्या. कोंबडीचा रस्सा तयार होता, मसाला खास माहेरचा, गुहागरचा. बाहेर उत्तमरावांनी विचारलं, "जेवणार का?" विहीणबाई सुरुची रीतीप्रमाणे म्हणाल्या, "अहो नको, कशाला उगाच त्रास." "बरं," म्हणत उत्तमराव उठले, आत गेले आणि त्यांनी चक्क गॅस बंद केला. मनोरमाबाई पदराला हात पुसत बाहेर धावल्या, तोवर मंडळी चपला घालत होती. तारखेचं विचारलं तर विहीणबाई म्हणाल्या, "बघू." आता 'बघू'चा अर्थ काय तुम्हाला सांगायला हवा?

व्याह्यांच्या घरून, सिल्व्हर पार्कहून, संचिताच्या होणाऱ्या नवऱ्याचा, परागचा फोन आला. त्याची आई फार दुखावली होती. "तासभर बोलत होते मी आणि तो माणूस पंख्याकडे बघत होता," असं ती म्हणाली.

मनोरमाबाईंचा पारा चढला. "तीस वर्षं संसार केला, पण असा माणूस नाही पाहिला. मुद्दाम करता तुम्ही!"

"काय केलं मी?" उत्तमरावांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

संचिता मात्र भांडली नाही. ती मीरा रोडच्या एका शाळेत शिकवते. तिथे नुकतंच ऑटिझमवर शिक्षकांचं प्रशिक्षण झालं होतं, आणि ऐकता ऐकता तिला वर्गातलं पोर दिसायच्या ऐवजी आपले बाबाच दिसायला लागले होते. ती त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, कुकरची शिट्टी झाली की तुम्ही गॅलरीत का जाता?"

"कानात खिळा ठोकल्यासारखं होतं."

कामाला हात लावायला नको म्हणून हे पळतात, असं मनोरमाबाई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

"आणि फोन करायच्या आधी काय पुटपुटता?"

"काय बोलायचं ते पाठ करतो. नाहीतर चुकतं आणि लोक चिडतात."

मग डॉक्टरांकडे खेपा झाल्या. निदान ऐकल्यावर मनोरमाबाई म्हणाल्या, "अहो, पण हे तर लहान मुलांचं असतं ना? हे साठीला टेकलेत."

"लहान मुलं मोठी होतातच की," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "यांचं तेव्हा कोणी ओळखलं नाही, एवढंच."

उत्तमरावांनी टेबलाकडे बघत विचारलं, "माझे भाऊ मला शिष्ट म्हणायचे. म्हणजे मी शिष्ट नाही?"

"अजिबात नाही."

मनोरमाबाईंना तिथेच रडू फुटलं, आणि रडता रडता फार हलकंही वाटलं.

घरी आल्यावर उत्तमराव म्हणाले, "व्याह्यांना मीच सांगतो." मनोरमाबाईंना वाटलं, आधीच जमलेलं लग्न धाग्यावर लटकलंय, त्यात हे सांगायचं? पण ऐकतील ते उत्तमराव कसले. त्यांनी पाठ केलं आणि फोन करून मंडळींना पुन्हा बोलावलं.

मंडळी आली, अवघडून बसली. उत्तमराव पंख्याकडे बघत म्हणाले, "मला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे, कळलं आत्ता. तोंडदेखलं बोललेलं मला समजत नाही. डोळ्यांत बघितलं तर ऐकू येईनासं होतं, म्हणून वर बघतो. तुमचं मागचं सगळं बोलणं मी ऐकलंय. आता खरं सांगा, जेवणार का?"

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग उत्तमरावांकडे. "खरं सांगू? सडकून भूक लागलीय. त्या दिवशीही लागली होती. वड्यांचा वास नाकात घेऊन उपाशी घरी गेले मी."

संचिता खो खो हसत सुटली. पानं मांडली गेली. विहीणबाईंनी वडे मागून मागून खाल्ले आणि हात धुवायच्या आधीच साखरपुड्याची तारीख काढली.

पुढे गप्पा रंगल्या. हॉल, आहेर, मानपान, कोणाला बोलवायचं, कोणाला टाळायचं. मध्येच उत्तमराव म्हणाले, "आता तुम्ही घरी जा. मी दमलोय."

मनोरमाबाईंचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण व्याही आनंदाने उठले. "बरं झालं बोललात. मीही केव्हाचा दमलोय, पण आमच्याकडे असं कोणी म्हणतच नाही."